कासवाची पाठ मऊ पडतेय? फूडचा डबा बदलण्याआधी हे तपासा

फोनची वेळ ठरलेली असते. गणपती उठले की सुरू होतात ते संक्रांतीपर्यंत चालतात. “दादा, कासवाची पाठ मऊ लागतेय, कोणतं फूड आणू?” मी नाशिकमध्ये घरोघरच्या फिश टँकची साफसफाई करतो, अकरा वर्षं झाली. धंदा माशांचा, कासवं गळ्यात पडली. ज्या घरात टँक असतो तिथे कधी ना कधी ते लाल कानाचं, रुपयापेक्षा थोडं मोठं कासव येतंच. वर्ष-दीड वर्षात त्यातली बरीचशी याच दुखण्यापाशी येऊन अडकतात. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण फोनवर ती कुणाला पटत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत डबा बरा होता. कासवाला ऊन मिळत नव्हतं, किंवा पाणी गार होतं, त्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोहोचतच नव्हतं. तरी लोक आधी डबा बदलतात, कारण ते सोपं. महागडा डबा आणतात, महिना वाट बघतात आणि मग मला बोलावतात. तो महिना कासवाला फार महाग पडतो.

खाली लिहिलंय ते मुख्यतः रेड-इअर्ड स्लायडरबद्दल, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या पाण्यातल्या कासवाबद्दल. जमिनीवरच्या कासवांचं वेगळं आहे, ते शेवटाकडे.

आधी लक्षणं

कवच म्हणजे वरून चढवलेलं चिलखत, अशी अनेकांची समजूत असते. एकाने तर मला विचारलं होतं, हे मऊ झालं तर गळून नवीन येईल का? कवच हा कासवाच्या सांगाड्याचाच भाग. बरगड्या आणि पाठीचा कणा त्यात जुळून गेलेले असतात, वर आपल्या नखासारख्या पदार्थाचे खवले. त्यामुळे पाठ मऊ पडली याचा अर्थ अंगातली सगळीच हाडं मऊ पडायला लागलीत. पाठ दिसते म्हणून ती आधी लक्षात येते, एवढंच.

कासव हातात घ्या आणि हे बघा:

– अंगठ्याने अगदी हलकं दाबल्यावर पाठ किंवा पोटाकडची बाजू आत जाते.
– कवचाच्या कडा पन्हाळीसारख्या वर वळल्यात, किंवा मधेच खोलगट भाग दिसतो.
– कवच अंगाला अपुरं पडतंय. पाय आणि मान भरलेली, वर कवच मागच्या वर्षीच्या युनिफॉर्मसारखं आखूड.
– खाणं तोंडात धरतं, चावायला जातं आणि सोडून देतं. जबडा मऊ झाल्याचं हे लक्षण. लोकांना वाटतं, फूड आवडत नाही.
– दगडावर चढताना मागचे पाय घसटतात, अंग उचललं जात नाही. हे दिसलं तर घरचे उपाय करत बसू नका, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

काही वेळा दुखणं नसतंच, नुसती भीती असते. अंड्यातून निघून काही महिनेच झालेल्या पिल्लाचं कवच जरा लवचीक असतं, ते चालतं. बोटभर पिल्लू मिळालं म्हणून रोज दाबून बघू नका. पाठीवरून पातळ, काचेसारखा पारदर्शक पापुद्रा सुटत असेल तर स्लायडर जुने खवले टाकतंय, चांगलं आहे. ओढून काढू नका. पांढरे डाग दिसले तर आधी तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का ते सांगा. बादलीवर, नळाच्या तोटीवर बसतात तसेच क्षार पाठीवर बसतात. कापडाचा कोपरा पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून एका डागावर हलकेच फिरवा, लगेच साध्या पाण्याने धुवा. डाग गेला तर विषय संपला. डागाखाली खड्डा असेल, तो भाग भुसभुशीत लागत असेल आणि वास येत असेल तर ती कवचाची सड. ती ऊन आणि कॅल्शियमने जात नाही, तिला डॉक्टरच लागतात.

पहिली तपासणी: ऊन. खर्च शून्य.

सिडकोतल्या एका काकूंकडे दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. टँक खिडकीच्या कट्ट्यावर, कासव काचेला नाक लावून बसलेलं. पाठीवर अंगठा ठेवला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत गेली. मी म्हटलं, काकू, याला ऊन देता का? काकू जवळजवळ रागावल्याच. “अरे बाळा, रोज दोन तास उन्हातच असतं की ते! बघ ना, आत्तासुद्धा बसलंय.” बसलं होतं खरं. पण डासांमुळे खिडकी कायम बंद, म्हणजे खिडकीची एक काच आणि टँकची दुसरी. ऊन दिसत होतं, गरमही लागत होतं. कासवाला त्यातलं हवं ते मिळत नव्हतं.

हवी असते यूव्हीबी. उन्हातला हा भाग कातडीवर पडला की कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच आतडं खाण्यातलं कॅल्शियम नीट उचलतं. साधी खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. डासांची बारीक जाळीसुद्धा बरीच खाते. कॅल्शियम कितीही घाला, ड जीवनसत्त्व नसेल तर त्यातलं बरंचसं विष्ठेतून बाहेर. मग रक्तातली पातळी राखायला शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं, आणि हाडं म्हणजे पाठ आलीच. म्हणून ही तपासणी पहिली. फुकट आहे आणि पुढच्या सगळ्या उपायांचा उपयोग हिच्यावर अवलंबून आहे.

कासव प्लास्टिकच्या टबात किंवा घमेल्यात घ्या. तळाला जेमतेम पाठ बुडेल इतकं पाणी, एका बाजूला कोरडं चढायला वीट, आणि अर्ध्या टबावर पुठ्ठ्याची सावली. थेट उघड्या उन्हात वीस मिनिटं ते अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस. सावली हवीच. तापलं की कासव स्वतः सरकतं, पण सरकायला जागा पाहिजे.

वेळेबाबत आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे, कोवळ्या उन्हाचा. सकाळी सातचं ऊन अंगाला छान वाटतं, पण सूर्य खाली असताना यूव्हीबी जमिनीपर्यंत फारच थोडी येते. थंडीत नऊ ते अकरा, उन्हाळ्यात साडेआठ ते दहा ही वेळ मला बरी वाटते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला जातो तेव्हा घड्याळ लावूनच ठेवा आणि जागचे हलू नका.

आणि काचेचा टँक उचलून उन्हात ठेवायचा नाही. कधीच नाही. माझं पहिलं कासव मी असंच घालवलं. एप्रिल होता, गच्चीवर टँक ठेवला, खाली फोन आला, बोलण्यात पाऊण तास गेला. वर आलो तर पाणी अंघोळीला काढावं इतकं कढत. काचेत उष्णता कोंडते, पाणी थोडं, आणि त्याला पळायला जागा नाही.

फोन गणपतीनंतरच का येतात, हे आता कळलं असेल. जूनपासून तीन-चार महिने आभाळ भरलेलं, बाल्कनीत पाऊस, कासव आत. त्याचा हिशोब सप्टेंबर-ऑक्टोबरात पाठीवर दिसतो.

शेजारच्या मांजराकडे आणि कावळ्यांकडे लक्ष ठेवा. गंगापूर रोडला एका गच्चीवरून घारीने कासव उचललेलं मला माहीत आहे.

दुसरी तपासणी: सात दिवसांची वही. हीपण फुकट.

“काय खायला घालता?” विचारलं की सगळे “पेलेट्स” म्हणतात, म्हणजे डब्यातले तयार दाणे. वही ठेवायला सांगितली की खरं काय ते कळतं. सात दिवस, घरातल्या प्रत्येकाने कासवाला जे घातलं ते लिहायचं. आजोबांनी पोळी, मुलाने कुरमुरे, कामाला येणाऱ्या मावशींनी कौतुकाने चिकनचा तुकडा, सगळं त्यात येऊ द्या.

वहीत तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, सुकट. दुकानात बाटलीत मिळणारी वाळवलेली कोळंबी म्हणजे सुकटच, भाव तेवढा सोन्याचा. कासवाला ती भयंकर आवडते, वासाने वेडं होतं, आणि मग दुसरं काही खात नाही. खाऊ म्हणून आठवड्यातून एकदा ठीक, रोजचं जेवण म्हणून अगदी कमी पडते. बाजारातली मीठ लावलेली सुकट किंवा बोंबील तर नकोच.

दुसरी, नुसतं मांस. चिकन, मटण, कलेजी. हाडाशिवायच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. कासवाच्या एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट लागतं, इथे हिशोब नेमका उलटा. फॉस्फरस वाढला की शरीर पुन्हा हाडांकडेच हात पसरतं. काट्यासकट छोटा मासा किंवा गांडूळ त्यापेक्षा कितीतरी बरं. कलेजीत अ जीवनसत्त्वही फार असतं, रोज घातली तर त्याचा वेगळा त्रास.

तिसरी, पोळी, भात, ब्रेड, पोहे, दूध. हे कासवाचं खाणंच नाही. पोट भरतं आणि कामाचं खायला जागा उरत नाही.

मग घालायचं काय? पिल्लाला चांगल्या कंपनीचे पेलेट्स रोज, त्याच्या डोक्याएवढ्या ढिगाइतके. मान धरायची नाही, नुसतं डोकं. एवढंसंच दिसेल, तेवढंच पुरतं. कासव समोर येऊन हातपाय मारतं म्हणून लोक पुन्हा टाकतात. ते भीक मागणंच आहे, भूक नव्हे. वर्ष उलटलं की पेलेट्स एक दिवसाआड, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. बाकी दिवस पाला. लहानपणी स्लायडर जास्त करून मांसाहारी असतं, मोठं होता होता शाकाहाराकडे झुकतं. अचानक पाला टाकला तर तोंड फिरवेल. एखादा दिवस उपाशी ठेवून पाला टाकत राहायचं, एक-दोन महिन्यांत लागतं. खाणं पाण्यातच टाका, कोरड्यावर ठेवलेलं त्याला गिळता येत नाही.

पाल्यात मात्र सगळे फसतात. ‘पौष्टिक’ म्हणून पहिली जुडी पालकाची येते. पालक, चुका, चाकवत, राजगिरा, तांदुळजा या भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल जास्त असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि घेऊन बाहेर जातं. आपण डाळ-भाताबरोबर चार घास खातो, आपलं निभतं. रोज पालकावर असलेल्या कासवाचं निभत नाही. त्याऐवजी शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, जास्वंदाची पानं आणि फुलं, तुतीची पानं, थोडी कोथिंबीर. किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा आठवड्यातून एक-दोनदा, अ जीवनसत्त्वासाठी. कोबी-फ्लॉवर कधीतरी. काकडी म्हणजे नुसतं पाणी. बुधवारच्या बाजारात मुळा घेताना भाजीवाल्या मावशी पाला खुडून टाकतात, तो मागून घ्या. माझ्या ओळखीच्या तर आता विचारतातच, “कासववाले, पाला ठेवू का?”

गोदावरीतल्या पाणवेली मात्र आणू नका. स्लायडर पाणवेली खातं हे खरं, पण नदीत जे जे मिसळतं ते पिऊन त्या वाढलेल्या असतात.

तिसरी तपासणी: पाण्याचं तापमान. शंभर-दीडशे रुपये.

थर्मामीटर घ्या आणि सकाळी सहाला बघा, दुपारी बघून काही कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा शहरातही रात्री दहाच्या खाली जातं. हीटर नसलेल्या टँकचं पाणी पहाटे सोळा-सतरावर आलेलं मी स्वतः मोजलंय. कासव थंड रक्ताचं. पाणी विशीच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. तशात बळेच खाऊ घातलं तर ते पोटात सडतं. स्लायडरला पाणी चोवीस ते सत्तावीस अंश हवं आणि कोरडं बसायच्या जागी तीस-बत्तीस. अंगात ड जीवनसत्त्व तयार होण्याच्या क्रियेलासुद्धा ऊब लागते, म्हणून बसायची जागा गरम आणि पूर्ण कोरडी हवी. अर्धवट बुडालेलं प्लास्टिकचं नारळाचं झाड म्हणजे बसायची जागा नव्हे.

हीटर लागला तर ढोबळमानाने लिटरला एक वॉट धरा आणि त्याला जाळीचं कव्हर घाला. मोठं कासव काचेचा हीटर सहज फोडतं. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा, हे मी दर घरात सांगतो आणि दर घरात कुणीतरी विसरतं.

चौथी तपासणी: कॅल्शियम कुठून येतंय. वीस ते दोनशे रुपये.

ऊन, खाणं आणि पाणी जागेवर आलं की मगच हे. सगळ्यात स्वस्त उपाय समुद्रफेस. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो पांढरा, हलका, बोटाने चुरा होणारा तुकडा. पक्ष्यांच्या दुकानात मिळतो, काष्ठौषधीवाल्यांकडेही मिळतो. मागची कडक बाजू चाकूने काढून टाका आणि तुकडा पाण्यात सोडा. कासवाला गरज असेल तेव्हा ते स्वतः कुरतडतं. काही कासवं महिनाभर ढुंकूनही बघत नाहीत, मग एक दिवस अर्धा तुकडा गायब. जे बघतच नाही त्याच्यासाठी चुरा करून पाल्यावर भुरभुरा.

दुसरा उपाय अंड्याचं कवच. दहा मिनिटं उकळा, आतला पापुद्रा काढा, वाळवा, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखं करा. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे हातभर कासवालासुद्धा कितीतरी दिवस पुरतं. आठवड्यातून दोन-तीनदा चिमूट, ओल्या पाल्यावर.

आता चुन्याचं. हे लिहायलाच हवं, कारण तीन घरांत पाहिलंय. पानाच्या डबीतला चुना म्हणजे कॅल्शियमच ना, म्हणून एका घरी आजोबांनी बोटभर चुना टँकमध्ये कालवला. संध्याकाळपर्यंत कासवाचे डोळे मिटलेले, मानेची कातडी पांढरी पडलेली. समुद्रफेस आणि अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते सौम्य असतं. खायचा चुना म्हणजे विरवलेला चुना, तो दाहक. पानात कात-सुपारीबरोबर जरासा लावतात तेव्हाही जास्त झाला तर तोंड भाजतंच की. ते कासव वाचलं, पण त्यात आमचा वाटा फक्त पाणी बदलण्याचा. उरलेलं सगळं डॉक्टरांनी केलं.

आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका, त्यांतलं ड जीवनसत्त्व माणसाच्या वजनाच्या हिशोबाचं असतं आणि जादा झालं तर अंगात साठत राहतं.

पाचवी तपासणी: दिवा. दीड-दोन हजारांच्या पुढे.

ज्यांच्या घरात उघडं ऊन येतच नाही, किंवा पावसाळा काढायचाय, त्यांनीच हा खर्च करावा. इथे फसवणूक फार आहे. पाचशे रुपयांचा रंगीत काचेचा बल्ब ‘यूव्ही बास्किंग’ म्हणून विकतात, तो फक्त गरम होतो. ऊब द्यायला वापरा, यूव्हीबी त्यातून येत नाही. याहून वाईट प्रकार एकदा इंदिरानगरात पाहिला. फिल्टरमधला, पाणी निर्जंतुक करायचा यूव्ही दिवा काढून कासवाच्या डोक्यावर टांगला होता, ‘यूव्ही म्हणजे यूव्ही’ म्हणून. ती यूव्हीसी. कासवाच्या काय, घरातल्या मुलांच्याही डोळ्यांना इजा करते.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची ट्यूब घ्या, खोक्यावर यूव्हीबीचं प्रमाण छापलेलं असतं. बसायच्या जागेपासून साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटरवर, मधे काच किंवा प्लास्टिकचं झाकण नाही, दिवसाला दहा-बारा तास. आणि खोक्यावर बसवल्याची तारीख पेनाने लिहा. ट्यूब उजेड देत राहते, यूव्हीबी मात्र सहा महिने ते वर्षभरात उतरते. “दिवा चालू आहे की” हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी तारीखच विचारतो.

जमिनीवरचं कासव असेल तर

पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं, काळसर, उंचवटेवालं कासव तुमच्याकडे असेल तर खाण्याचा प्रश्न नंतर. ते भारतीय तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते पाळणं गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. ‘शुभ असतं’ म्हणून कुणी दिलं असलं तरी. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पांडवलेण्याच्या डोंगरावर नेऊन सोडू नका, आजारी कासव तिथे मरतं किंवा दुसऱ्यांना आजार देतं.

सुलकाटा, म्हणजे आफ्रिकेतलं मोठं होणारं कासव, काही जण पाळतात. त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ती झाली आहे का बघा. त्याच्या पाठीवर एकेका खवल्याचा पिरॅमिडसारखा उंचवटा येतो, ही त्याची नेहमीची तक्रार. सगळे दोष प्रोटीनला देतात. २००३ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात वाढवली, तेव्हा उंचवट्यांवर प्रोटीनपेक्षा कोरड्या हवेचाच परिणाम जास्त दिसला. म्हणजे पिल्लाला कोरड्या खोक्यात दिव्याखाली ठेवणं हीच चूक. लपायची जागा ओलसर ठेवा आणि रोज कोमट, उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. खाणं मुख्यतः गवत: हरळी, मारवेल, वाळलेला चारा. जोडीला काटे काढलेला फड्या निवडुंग, जास्वंद. फळं जवळजवळ नाहीतच. आलेला उंचवटा जात नाही, पुढची वाढ तेवढी सपाट करता येते.

नाशिकमध्ये प्रत्येक जण विचारतो, द्राक्षाची पानं चालतील का? पान म्हणून उत्तम. पण ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांसाठी बागेत किती फवारण्या होतात हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार! घराच्या मांडवावरचा, न फवारलेला वेल असेल तर घाला. बागेतली पानं धुऊनसुद्धा नकोत, काही औषधं पानाच्या आत जातात.

सुधारणा कधी दिसते

हे विचारायला लोक आठव्या दिवशी फोन करतात. आठ दिवसांत फक्त तरतरी आणि भूक दिसते. कवच टणक व्हायला दीड-दोन महिने, वाईट अवस्थेतून चार-सहा महिनेही. दर रविवारी छोट्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा, रोज दाबून बघण्यापेक्षा ते खरं सांगतं. वळलेली कडा वळलेलीच राहते. काकूंचं कासव आज टणक आहे, तळहाताएवढं झालंय, पण डाव्या बाजूला पन्हाळ आहे ती आहेच.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि टबाचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असतो. अमेरिकेने याच कारणाने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांची विक्री बंद केली. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासव त्याच्या हातात देऊच नका. आणि कंटाळा आला म्हणून गंगापूर धरणात किंवा गोदापात्रात सोडायचं नाही. जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत हे कासव आहे, आपल्या नदीतल्या कासवांच्या पोटावर ते पाय देतं.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

मागचे पाय ओढत असेल, अंग थरथरत असेल, जबडा रबरासारखा वाकत असेल तर माझी यादी बाजूला ठेवा. रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलंय, समुद्रफेस आता पुरणार नाही. पाण्यात एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून फुगे किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर छातीचा संसर्ग असू शकतो. पोटाकडची बाजू गुलाबी-लाल दिसली, कवचाला घाण वास आला, डोळे सुजून बंद झाले, मोठी मादी दिवसभर बेचैन होऊन पायांनी उकरत असेल आणि अंडी पडत नसतील, तरीही तेच. पाणी उबदार असूनही मोठ्या कासवाने आठवडाभर किंवा पिल्लाने तीन-चार दिवस काही खाल्लं नाही, तर आणखी नवा उपाय शोधू नका. आणि वरचं सगळं तीन-चार आठवडे नीट करूनही पाठ अजून मऊ पडत चालली असेल, तर आजार मूत्रपिंडाचाही असू शकतो, तो एक्स-रे आणि रक्ततपासणीशिवाय कळत नाही.

कॅल्शियमचं किंवा अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन स्वतः देऊ नका, दुकानदार देतो म्हणाला तरी नाही. एका घरी अ जीवनसत्त्व जास्त झालं आणि कासवाच्या पायांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली, ती पाहिल्यापासून मी या बाबतीत हटून बसतो.

कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघतात असं नाही. आधी फोन करून “सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करता का” एवढंच विचारा. नाही म्हणाले तर कोण करतं ते तेच सांगतात. नाशिकमध्ये सोय झाली नाही तर पुणे किंवा मुंबई. नेताना पाण्यात नेऊ नका, अशक्त कासव प्रवासात बुडू शकतं. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, तळाला ओला टॉवेल, हिवाळ्यात बाहेरून शाल. सोबत टँकचा आणि दिव्याच्या खोक्याचा फोटो, वजनाचे आकडे आणि ती सात दिवसांची वही. आजोबांच्या पोळीची नोंद खोडू नका.